आबांची ग्राइप

हिंजवडीजवळच्या माणमधली ती खोली माझ्या हातून जाता जाता राहिली होती. कारण काय, तर आधीच्या घरमालकिणीबद्दल मला काही तक्रार नव्हती.

आबा तेव्हा ओट्यावर मांडी घालून लसूण सोलत बसले होते. पांढरा लेंगा, बंडी, नाकावर घसरलेला चष्मा. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आदी कुटं ऱ्हात व्हतीस?"

"वाकडला. एका काकूंकडे पेइंग गेस्ट."

"मंग सोडलं कशापायी?"

"ऑफिस लांब पडायचं."

"त्ये जाऊ दे. तक्रार काय व्हती?"

"तशी काही नव्हती. काकू चांगल्या होत्या."

"पानी?"

"यायचं."

"जेवान?"

"बरं असायचं."

आबांनी हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "खोली न्हाई," ते म्हणाले.

मी परभणीची. भरल्या घरात, सगळ्यांशी जुळवून घे हे ऐकत वाढलेली. तक्रार न करणं हाच माझ्या मते माझ्यातला मोठा गुण होता, आणि त्याच गुणापायी कुणी मला दारातून परत पाठवेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्याबरोबर निलोफर होती. आम्ही दोघी एकाच कंपनीत, वाकडलाही एकाच खोलीत. ती मूळची पौडची, वडिलांचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान, त्यामुळे इकडच्या, मुळशीतल्या माणसांशी कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आबा, हिचं सोडा," ती पुढे होत म्हणाली. "माजी ऐका. त्या काकू फ्रिजला कुलूप लावायच्या. आंगुळीला दोघींत एक बादली, ती बी फुटकी. आन् आमी फोनवर बोलाया लागलो की ह्या दाराला कान लावून हुब्या."

आबांचा चेहरा असा काही खुलला! ताटली बाजूला सारून त्यांनी ओट्यावर जागा केली. "बस, बस. आनि काय करायची ती बया?" सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चावी निलोफरच्या हातात दिली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला बी घे. पन हिला शिकवावं लागंल."

हे दोन हजार चारच्या आसपासचं. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती गावाच्या उशाशी येऊन बसल्या होत्या. ज्याची त्याची जमीन थोडीफार गेली होती आणि ज्याच्या त्याच्या अंगणात खोल्यांची रांग उठली होती. आबांनी उमेदीची सगळी वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनीही खोल्या बांधल्या आणि त्यात आमच्यासारखी बाहेरगावची नोकरदार पोरं-पोरी भरली. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मावशी. आबांची बायको मावशी कशी, असं निलोफरने एकदा विचारलं, तर आबा म्हणाले, "त्ये बी एक तक्रारच हाय. रैवारी सांग."

रविवारी सकाळी ओट्यावर चहाचं मोठं पातेलं यायचं. सगळ्या भाडेकरूंनी जमायचं आणि प्रत्येकाने एक तक्रार सांगायची. खोलीबद्दल, शेजाऱ्याबद्दल, खुद्द आबांबद्दल, कशाबद्दलही चालायची. मात्र ज्याच्याबद्दल असेल त्याच्या तोंडावर सांगायची. शिळी सांगायची नाही, म्हणजे पावसाळ्यातली तक्रार दिवाळीला काढायची नाही. आणि ज्याच्यापाशी तक्रार नसेल त्याला चहा नाही. हा शेवटचा नियम आबा अत्यंत कडकपणे पाळायचे. बाकीचे घरमालक भाडेकरूंची तोंडं बंद कशी राहतील ते पाहतात, आणि हे गृहस्थ ती उघडायला चहा पाजत होते.

कडेच्या खोलीत अकोल्याचा एक इंजिनियर होता. त्याने एकदा तक्रार मांडली की आपलं लग्न जमत नाही. आबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "ही माज्या हातातली न्हाई. पन तक्रार खरी हाय. च्या घे."

मी पहिल्या रविवारी "सगळं छान आहे" म्हटलं आणि कोरडी बसून राहिले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी हुशारी केली. "आबा, तुमच्या चहात साखर फार असते." आबांनी विचारलं, "तू प्यालीस कदी?" त्यावर निलोफर इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला.

शेवटी एका रविवारी माझ्या तोंडून खरं निघालं. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी लागत नव्हती. मी रोज भरलेली बादली दाराला टेकवून आंघोळ उरकत होते, आणि बाहेर पाऊल वाजलं की जीव मुठीत धरून बसत होते. आबा भडकले. कडीवर नाही, माझ्यावर. "आन् इतकं दिस गप बसलीस? तोंडात काय गुळनी धरली व्हती?" तिथल्या तिथे उठून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला, कडी बसवली, मला आत पाठवून लावून पाहायला सांगितली. मी बाहेर आले तर चहा ओतलेला होता. मी बोलले म्हणून जगात काहीतरी जागचं हललं, असं मला आयुष्यात प्रथमच वाटलं. तो चहा पिताना मला रडू आलं, आणि ते लपवायला मी म्हटलं की चटका बसला.

दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आबांच्या स्वतःच्या तक्रारींना तर अंत नव्हता. गावात त्यांना किरकिऱ्या म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दलही त्यांची तक्रार होती. पण ते कधी अर्ज करत नसत. "कागद दिला की त्यो टेबलाखाली जातो. मानूस समोर हुबा ऱ्हायला की त्याला कुटं सारनार?" असं म्हणून ते चालत जायचे.

एका कंपनीने कुंपणावर मोठा दिवा लावला. त्याचा झोत नेमका आबांच्या खुराड्यावर. कोंबडा भलत्या वेळी आरवायला लागला. आबा दुसऱ्या दिवशी कोंबडा काखेत मारून कंपनीच्या गेटवर हजर. गेटवरचा रखवालदार बिहारचा. आबा मराठीत सांगत होते, तो हिंदीत "साहब नहीं है" म्हणत होता, आणि मधे कोंबडा आपलं म्हणणं मांडत होता. असं बरेच दिवस चाललं. ऑफिसला जाताना बसच्या खिडकीतून आम्हाला ते तिघे दिसायचे. अखेर कुणा साहेबाने खाली येऊन कोंबड्याकडे पाहिलं आणि दिव्याचं तोंड फिरवायला सांगितलं. आम्ही आबांचं अभिनंदन केलं तर ते म्हणाले, "काय डोंबलाचं? आता वड्याकडं अंधार झाला की."

आता त्या शब्दाकडे येते. आबांची आठवण निघाली की मला तो शब्द आठवतो, आणि तो शब्द कुठे कानावर पडला की आबा.

माझी नोकरीच मुळी तक्रारी ऐकण्याची होती. इंग्लंडात कपडे धुण्याची यंत्रं विकणारी एक कंपनी होती. तिकडे कुणाचं यंत्र बंद पडलं की फोन इकडे आमच्या कानात वाजायचा. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी बजावून सांगितलं होतं की गिऱ्हाईक काहीही म्हणो, आपण तक्रार हा शब्द उच्चारायचा नाही. आपण 'कन्सर्न' म्हणायचं. मी हे आबांना सांगितलं.

"कन्सर्न म्हंजी?"

"काळजी."

"कुनाची काळजी?"

"गिऱ्हाइकाची. समजा एखाद्या बाईचं मशिन बंद पडलं, तर तिची."

"त्या बाईचं मशिन बंद पडलं. कापडं वल्लीच. आन् वर काळजी बी तिनंच करायची? तुमी काय करता मंग?" आबा खरोखर चिडले होते. "तक्रारीला तक्रार म्हनाया लाजता, तर दुरुस्त काय करनार?"

एकदा फोनवर एक इंग्लिश म्हातारी अगदी गोड आवाजात म्हणाली की तिची एक लहानशी 'ग्राइप' आहे. हा शब्द मी तोपर्यंत फक्त बाटलीवर वाचला होता. आमच्या परभणीच्या घरात कपाटावर बाळाच्या ग्राइप वॉटरची बाटली कायम असायची, कारण घरात कुणी ना कुणी तान्हं असायचंच. म्हातारीच्या यंत्राचं मार्गी लावून मी ऑफिसातल्या जाडजूड डिक्शनरीत तो शब्द शोधला आणि रविवारी ओट्यावर सांगितला. शब्द फार जुना. मुळात अर्थ मुठीत घट्ट पकडणं, आवळणं. पुढे पोटात आतडी आवळल्यासारखी कळ येते, तिला तोच शब्द लागला. ग्राइप वॉटर ते याच्यासाठी. आणि मग पुष्कळ उशिरा, अगदी अलीकडे, अमेरिकेतल्या बोलण्यात त्याचा अर्थ कुरकुर, तक्रार असा झाला. आजही तो घरगुती शब्द आहे, साहेबाला लिहायच्या पत्रात कुणी घालत नाही.

आबा चहा प्यायचे थांबले होते. "मंग गाडीच्या हँडलची ग्रिप?"

"त्याच घराण्यातली."

"म्हंजी हिरो होंडाची ग्रिप आन् लेकराचं ग्राइप वॉटर सख्खी भावंडं?" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. "आदी मूठ. मंग पोट. मंग तोंड. बगा कसा वर वर आला त्यो शब्द! तोंडापातुर आला की सुटला मानूस. गोऱ्यांना कळतं बरं का."

दारातून मावशी म्हणाल्या, "त्यात बाळंतशोपा अस्तो. मी घरीच करायचे लेकरांसाटी." आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून आबांनी तक्रार हा शब्द सोडूनच दिला. "काय गं, आज तुजी ग्राइप काय?" असं ते येता-जाता विचारायचे. भाजीवाली त्यांना पाहून म्हणायची, "आबा, आज मेथीत ग्राइप काडू नगा." एकदा ग्रामसभेत आबा उभे राहिले आणि म्हणाले, "माजी एक ग्राइप हाय," तर सरपंचांनी शांतपणे उत्तर दिलं, "फुडल्या मीटिंगला घेऊ तुमची ग्राइप." माण गावाने तो शब्द असा काही पचवला की आमच्या मॅडम चाट पडल्या असत्या.

फक्त एका माणसाची ग्राइप आबांनी कधी विचारली नाही. "हिला न्हाई," ते मावशींकडे हात करून अभिमानाने सांगायचे. "उभा जल्म गेला, एक शब्द न्हाई हिच्या तोंडून. लई समादानी बाई. माज्यासारक्याला अशीच पायजे." मावशी पातेलं उचलून आत जायच्या.

मावशी बुटक्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांचा पाय कधी एका जागी नसे. खोल्यांच्या मागे ओढ्याला लागून त्यांचं भाताचं एक खाचर होतं म्हणे. आम्ही राहायला यायच्या थोडंच आधी आबांनी ते विकलं होतं आणि त्याच पैशांत आमच्या खोल्या उठल्या होत्या. आता तिथे विटांचं कुंपण होतं आणि आत कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या राहायच्या. तरी दर उन्हाळ्यात मावशी पालापाचोळा, वाळकं गवत, शेणकूट गोळा करून परसात ढीग लावायच्या. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा असा पाला रचून भाजतात, त्याला राब म्हणतात. मला हे निलोफरने सांगितलं. खाचर नव्हतं, रोप नव्हतं, पण मावशींचा राब तयार असायचा. आबा त्या ढिगासमोर उभे राहून तोंड सोडायचे. "ह्यात इंचू निगतील! कशाला ह्यो कचरा? काय भाजायचंय आता?" मावशी म्हणायच्या, "असू द्या." पाऊस लागला की तो ढीग तिथेच कुजून जायचा.

आणखी एक होतं. मावशी भात खात नसत. मुळशीत, जिथे भात नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही, तिथे ही बाई सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि चटणीवर असायची. "भात बादतो मला," एवढंच सांगायच्या. आबा दुकानातून आणलेल्या तांदळाला रोज नावं ठेवत, "वास न्हाई, चव न्हाई," म्हणत पोटभर जेवायचे. मावशी त्यांना वाढायच्या.

एका हिवाळ्यात दळण आणताना मावशी गिरणीपाशी चक्कर येऊन खाली बसल्या. गिरणीवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. आबांनी माझं दार वाजवलं. "चल गं माज्यासंगं. डाक्टर कायतरी इंग्रजीत ल्हिनार." त्यांचा चष्मा हातात होता आणि तो घालायचं ते विसरले होते.

हिंजवडीच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने मावशींचा हात हातात घेऊन विचारलं, "काय तक्रार आहे, आजी?"

"काय न्हाई."

"पोटात दुखतं का?"

"न्हाई."

"दुकतंय तिला," आबा मधेच म्हणाले. "रातची झोपत न्हाई. पायात गोळं येत्यात. तोंडाला चव न्हाई. आन्..."

"आजोबा, त्यांची तक्रार त्यांना सांगू द्या की."

"सांगत न्हाई वो ती," आबा म्हणाले. "तिला तक्रारच न्हाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यात अभिमान नाही असं ते त्या दिवशी पहिल्यांदाच निघालं.

तपासण्या झाल्या. पोटात काही निघालं नाही, पण अंगात रक्त फारच कमी होतं. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की या बाई पुरेसं खातच नाहीत, आणि हे कधीपासूनचं दिसतंय. औषधं दिली. आधी मऊ भात, वरण, तूप द्या म्हणाली, भाकरी आता सोसायची नाही. असंच चाललं तर भरती करावं लागेल, या वयात हृदयावर ताण येतो, तेही म्हणाली. मी ते आबांना जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं असतं तर आबांना ते कळलंच असतं.

त्यानंतर आबांनी चूल हातात घेतली. ज्या माणसाने आयुष्यात लसूण सोलण्यापलीकडे स्वयंपाक केला नव्हता, तो मऊ भात शिजवायला शिकला. तूप घालून ताटली घेऊन ते खाटेशी जायचे. मावशी भिंतीकडे तोंड करायच्या. "भूक न्हाई." घोटभर दूध प्यायच्या, तेही मी किंवा निलोफरने आग्रह केला तर. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गाल आत गेले होते. आम्हाला सगळ्यांना एकच भीती वाटायला लागली होती आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या रविवारी ओट्यावर पातेलं आलं नाही. आबांना बरं वाटावं म्हणून निलोफर मुद्दाम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आबा, नळाला पानी पिवळं येतंय. ही काय रीत झाली?" आबांनी मान हलवली, "व्हय," म्हणाले, आणि आत निघून गेले. त्यांनी तक्रार अशी वाऱ्यावर सोडलेली पाहून निलोफरचा चेहरा उतरला.

पुढच्या दिवशी दुपारी ऑफिसला निघण्याआधी मी मावशींचे केस विंचरत बसले होते. आबा ताटली घेऊन आले.

"येक घास. येकच."

"नगं."

आबांनी ताटली खाटेवर ठेवली आणि ते खाली, फरशीवर बसले. इतके दिवस ते बसत नसत, नुसते येरझाऱ्या घालायचे. "माजं काय चुकलं त्ये तरी सांग," ते म्हणाले. "साऱ्या दुनियेची ऐकली मी. तुजी येक सांग. शिव्या दे मला. पन अशी भितीकडं तोंड करून जाऊ नगंस."

माझ्या हातातला कंगवा तसाच थांबला होता. मावशी भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "भात कुटला ह्यो?"

"दुकानातला. चांगला हाय. म्हागाचा आनलाय तुज्यासाटी."

"आपला कुटं गेला?"



मावशी हळूहळू आमच्याकडे वळल्या. "वड्याकडचं खाचर. लगीन करून आले तवा तितं नुस्ता दगुड व्हता. तुमी कारखान्यात जायचा. दगुड मी येचला. बांद मी घातला. पोर पाठीला बांदून लावनी केली. तुमी इकायचं ठरवलं तवा भावाला इचारलंत. लेकाला फोन करून इचारलंत. त्या एजंटाला हितं बसवून इचारलंत. त्याचा च्या मीच केला व्हता. मी चुलीपाशीच व्हते." त्या थांबल्या. श्वास पुरत नव्हता. "मला इचारलं?"

"आगं, पन तू काय म्हनली अस्तीस?"

"न्हाई म्हनले अस्ते. तुमी तरी बी इकलं अस्तं, मला ठावं हाय. पन इचारलं अस्तं, तर मी न्हाई म्हनले तरी अस्ते."

बाहेर रस्त्यावरून बस गेली तेव्हा खिडकीची काच थरथरली.

"मोजनीवालं आलं, तवा मला कळलं," मावशी म्हणाल्या. "रोप लावनीला आलं व्हतं. त्यांच्या बुटाखाली गेलं. आन् दर रैवारी ह्या पोरींना इचारता, कडी लागती का, पानी येतं का. मी आतनं ऐकते. दर खेपंला वाटायचं, आज मला बी इचारतील."

"मला वाटलं, तुला काय तक्रार न्हाई," आबा कसेबसे म्हणाले.

"वाटलं," मावशी म्हणाल्या.

मला उठून जावंसं वाटत होतं आणि हलवत नव्हतं. आबा म्हणजे वाद घालणारा माणूस. आता ते दर काय मिळाला, खोल्या कशा उठल्या, म्हातारपणाची सोय कशी झाली, सगळं सांगतील असं मला वाटलं. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आनि?"

"आनि काय?"

"आनि सांग."

मावशींनी त्यांच्याकडे थोडं संशयानेच पाहिलं. मग म्हणाल्या, "थोरलीच्या लग्नात माज्या भावाला मागल्या पंगतीला बसवलंत."

"आनि?"

"आजारी पडला की म्हातारीवानी कन्हता. मी तापात बी भाकऱ्या थापल्या."

"आनि?"

"मला हिरवा रंग आवडत न्हाई. दर दिवाळीला हिरवंच लुगडं आनता."

"मंग कंचा आवडतो?" आबांनी विचारलं, आणि ते इतकं लहान तोंड करून विचारलं की मला खाली बघावं लागलं.

"जांबळा," मावशी म्हणाल्या. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. माहेरी पाठवायला केलेली टाळाटाळ निघाली, सासूच्या देखत मारलेले टोमणे निघाले, घोरणं निघालं, चार माणसांत "हिला काय कळतं" म्हणालेले ते निघालं. मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान. बोलता बोलता मावशी उशीला टेकून बसत्या झाल्या. आवाजाला धार आली, गालावर थोडा रंग आला. आबा प्रत्येक वेळी "आनि?" एवढंच म्हणत होते. मी ऑफिसला फोन करून सांगितलं की आज यायला जमत नाही. कारण विचारलं तर म्हटलं, घरी काम आहे. मला त्या घराबद्दल घरी म्हणावंसं वाटलं.

शेवटी मावशी दमल्या. खाटेवरची ताटली त्यांनी स्वतः पुढे ओढली. भात पार गार झाला होता, तूप थिजलं होतं. त्यांनी एक लहानसा घास कालवला, तोंडात घातला, सावकाश चावला. आबा आणि मी त्यांच्या घशाकडे पाहत होतो. घास गेला.

"मीठ न्हाई ह्यात," मावशी म्हणाल्या.

"आनतो," आबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत. मी बसले होते तिथून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. आबा मिठाची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून फळीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मावशींना ते दिसत नव्हतं. त्यांनी दुसरा घास तसाच अळणी खाल्ला, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"अवो, मीठ आनाया गेलात का मिठागराला?"

"आलो, आलो," आबा आतून म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.